मोडीत काढण्याआधी कड वाचा

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी माळे रिकामे होतात. तांब्याचा बंब, पितळेचे डबे, तुटका कंदील, अडकित्ता, बंद पडलेला रेडिओ, कुलूप गंजलेली काळी ट्रंक, असे सगळे अंगणात येते. मग घरात दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, "काय करायचाय हा पसारा? द्या मोडीत." दुसरा म्हणतो, "थांबा, असल्या जुन्या वस्तूंना लाखो रुपये मिळतात, मी मोबाइलवर बघितलंय."

माझ्या मते हे दोघेही त्या वस्तूकडे नीट बघत नाहीत. पहिला तिचे वजन बघतो आणि दुसरा तिचे वय. वस्तू कोणाची होती, कोठून आली आणि ते सांगणारी खूण तिच्यावर शिल्लक आहे का, हे दोघांपैकी कोणीच बघत नाही. खरी किंमत बहुतेक वेळा तेथे असते. आपल्यासारख्या फौजी घरांतल्या मुलांनी तर हे इतरांच्या आधी समजून घ्यायला हवे. का, ते पुढे सांगतो.

आधी नाण्यांचे उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांना माहीत असते. माझ्या आजीकडे राणीछाप आणि राजाछाप रुपयांची जुनी माळ आहे. पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. १९११ चा रुपया घ्या किंवा १९१२ चा, सोनार दोघांना एकाच तराजूत टाकून सारखाच भाव देईल. पण १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर जो हत्ती कोरला होता, त्याची सोंड इतकी आखूड होती की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावरून नाराजी पसरली, सरकारने ते रुपये मागे घेतले आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून नवे पाडले. त्यामुळे संग्राहक १९११ च्या रुपयाला जास्त पैसे मोजतो. चांदी तेवढीच, वयात फरक एका वर्षाचा, तरी किंमत वेगळी. मात्र माळेत ओवण्यासाठी कडी डाखली असेल, तर त्याच रुपयाची संग्राहकाकडची किंमत उतरते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माझ्या काकांना गेल्या वर्षी एका अनोळखी माणसाचा फोन आला. देवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे तुमच्याकडे असेल तर दहा लाख देतो, फक्त आधी नोंदणीचे शुल्क भरा, असे तो म्हणाला. वडिलांनी वेळीच अडवले म्हणून काकांचे पैसे वाचले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केले होते की बँक अशा जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. एक साधा नियम लक्षात ठेवावा. ज्याला खरोखर वस्तू विकत घ्यायची आहे तो आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून मागत नाही.

आता त्या काळ्या ट्रंकेकडे येऊ. मित्रांनो, आपल्या प्रत्येकाच्या कॉटखाली तशीच एक ट्रंक आहे. काळा रंग, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, रोल नंबर आणि हाऊस. आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी तिची मोठी बहीण असते, पणजोबांची किंवा आजोबांची. आमच्या घरी, सातारा जिल्ह्यात, पणजोबांची ट्रंक आहे. तिच्यात एक घोंगडी, एनॅमलचा मग, डिस्चार्जचे कागद, पत्रांचा गठ्ठा आणि खाकी कापडाच्या पिशवीत पदके आहेत. आजी ती पिशवी दसऱ्याला कोयता आणि विळ्यांबरोबर पूजेला ठेवते.

त्या पिशवीत एक सहा टोकांचा तारा आहे. लाल, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांच्या फितीवरचा हा 'इटली स्टार'. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्यांना तो मिळाला. मराठा पलटणी तेथे होत्या. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर हल्ला चढवला आणि तेथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्यांचे नाव आपण विसरणार नाही. पण त्याच डोंगरांत चढलेल्या शेकडो साध्या शिपायांचे पुतळे कोठे नाहीत. त्यांच्यासाठी उरला तो हा तारा.

मोडवाल्याच्या दृष्टीने हा तारा म्हणजे पितळेसारख्या धातूचा एक तुकडा. बंबाबरोबर तो पोत्यात गेला तर तराजूचा काटा हलणारही नाही. पण तो उलटा करून बघा. पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मला याची गंमत वाटते, कारण ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाचे हे तारे स्वतःच्या सैनिकांना नाव न घालता दिले. हिंदी शिपायांच्या ताऱ्यांवर मात्र नाव घातले गेले. इंग्रज सैनिकाचा तारा त्याच्या कागदांपासून वेगळा झाला की तो कोणाचा हे सांगता येत नाही. आपल्या माणसाचा तारा स्वतःच सांगतो.

पहिल्या महायुद्धाच्या पदकांचे तर याहून महत्त्वाचे आहे. त्या वेळचे 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीचे होते, सुमारे एक औंस वजनाचे, आणि त्याच्या कडेवर शिपायाचे नाव उमटवलेले असे. चांदीचे असणे हेच त्याचे दुर्दैव ठरले. जानेवारी १९८० मध्ये जगात चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेला, तेव्हा ब्रिटनमध्येसुद्धा अशी कितीतरी पदके वितळवली गेली. पदकापेक्षा त्यातली चांदी महाग झाली होती. आपल्याकडे त्यासाठी भाव चढायची गरजही नसते. लग्न, आजारपण, दुष्काळ यांपैकी काहीही पुरते.

मग काय गेले? चांदी पुन्हा खणून काढता येते. गेले ते नाव. ही गोष्ट मला आमच्या गावामुळे समजली. आमच्या भागातल्या अनेक गावांत इंग्रजांच्या काळातली एक दगडी पाटी आहे. या गावातून महायुद्धाला इतके जण गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. आकडा आहे, नाव एकही नाही. आमच्या गावातही अशी पाटी आहे. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला तिला हार घालतात. ते हार कोणाला घातले हे कोणालाच सांगता येत नाही.

ही फक्त आमच्या गावाची गोष्ट नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी मोठ्या संख्येने लढल्या. कुट येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा पडला होता. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कोणी उपासमारीने, कोणी रोगाने, कोणी शरण गेल्यानंतरच्या पायपिटीत मेले. त्या आघाडीवरच्या मृतांसाठी बसरा येथे मोठे स्मारक उभारले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने आपल्याच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि अशा असमान वागणुकीबद्दल माफी मागितली.

आता हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. गावच्या पाटीवर आकडा. बसऱ्याच्या भिंतीवर आकडा. आणि पदकाच्या कडेवर पूर्ण नाव, क्रमांकासह. ज्या शिपायाचे नाव सरकारने दगडावर कोरले नाही, ते त्याच सरकारने चांदीवर उमटवून त्याच्या घरी पाठवले होते. ते घरात होते, माळ्यावर, ट्रंकेत.

आमच्या भावकीतल्या एका घरी असे पदक होते. त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या आजी सांगायच्या की एक मोठा रुपया होता, राजाचे तोंड असलेला, कडेला किडामुंगी अक्षरे असलेला. एका वर्षी घंगाळ आणि हंडे मोडीत दिले, त्यांच्याबरोबर तोही गेला. बदल्यात स्टीलचे डबे आले. ते डबे आजही आहेत. पण पाटीवरच्या आकड्यात त्यांच्या घरातला माणूस होता का, असला तर कोणता, हे आता त्यांनाही सांगता येत नाही. चुलत्यांपैकी एक म्हणतो तो परत आला होता, दुसरा म्हणतो आला नव्हता.

नाव असले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपली शाळा आहे त्याच राज्यातले आहे. हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्याचे नाईक किरपा राम सप्टेंबर १९४५ मध्ये बंगलोरजवळ सरावादरम्यान आपल्या जवानांपुढे पडलेले ग्रेनेड उचलून फेकायला धावले. त्यांनी जवानांना आडोसा घ्यायला सांगितले. ग्रेनेड हातात फुटले, ते गेले, जवान वाचले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. २००२ मध्ये ते पदक त्यांच्या पत्नीच्या घरातून चोरीला गेले आणि २००९ मध्ये थेट लंडनच्या लिलावात विक्रीला आले. पण जॉर्ज क्रॉसच्या पाठीवर मिळवणाऱ्याचे नाव कोरलेले असते. ते कोणाचे हा प्रश्नच नव्हता. भारताने आक्षेप घेतला आणि लिलाव थांबवावा लागला. त्याच चोराने पितळेची घागर नेली असती आणि ती लंडनला निघाली असती, तर ती बिलासपूरच्या कोणत्या घरातली हे कोणी सांगितले असते?

पैशांच्या हिशेबातही हेच दिसते. व्हिक्टोरिया क्रॉस हे कांस्याचे साधे पदक आहे, धातू म्हणून त्याला काहीच भाव नाही. तरी नोएल चव्हास या डॉक्टर अधिकाऱ्याची पदके, ज्यांत दोनदा मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस आहे, २००९ मध्ये सुमारे १५ लाख पौंडांना विकली गेली. ती रक्कम कांस्यासाठी कोणी दिली नाही. आपल्या पणजोबांच्या पदकाला एवढे पैसे कधीच मिळणार नाहीत, हेही स्पष्ट सांगतो. ती पदके लाखो लोकांना मिळाली होती. ज्याने त्यातून बंगला बांधायचे ठरवले असेल त्याने तो विचार सोडून द्यावा. पण किंमत ठरण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

या विषयावर आमच्या डॉर्ममध्ये बराच वाद झाला. एका मित्राचे म्हणणे होते की फौजीचे पदक विकणे हेच पाप आहे, ते मोडीत विका की लिलावात. मला हे पटत नाही. पोराच्या औषधासाठी कोणी पदक विकले असेल तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पदक शिपायाला मिळाले होते, पण त्याच्यामागे घर चालवले ते त्याच्या बायकोने. तिने ते विकले तर तो तिचा हक्क. दुसरा मित्र म्हणाला, मग ट्रंकेत ठेवून तरी काय उपयोग, द्या विकून. तेही मला पटत नाही. विकणे किंवा ठेवणे हा नंतरचा प्रश्न आहे. आधी वाचा. न वाचता विकणे यालाच माझा विरोध आहे. वाचून, नाव उतरवून, फोटो काढून मग कोणी विकले, तर पदक गेले तरी माणूस घरात राहतो. शिवाय ज्याला वस्तू काय आहे हे माहीत असते, त्याला फसवणे अवघड असते. मोडवाला लबाड असतोच असे नाही. आपण त्याला जे सांगतो तेच तो तोलतो.

म्हणून या सुट्टीत घरी गेल्यावर करता येतील अशा काही गोष्टी सुचवतो. ट्रंक उघडा, पण घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून. पदकाची कड आणि पाठ भिंगातून वाचा आणि जसे दिसेल तसे अक्षर न अक्षर वहीत उतरवा. स्पेलिंग चुकीचे वाटले तरी सुधारू नका. कारकुनाने इंग्रजीत आपली नावे कशीही लिहिली आहेत आणि शोध घ्यायला तेच चुकीचे स्पेलिंग उपयोगी पडते. पदके चिंच, राख किंवा कोणत्याही पावडरीने घासू नका. घासल्याने चमक येते, पण कडेवरची अक्षरे झिजतात. माझ्या आजीने आता दसऱ्याला पदके नुसती मऊ फडक्याने पुसायचे मान्य केले आहे. "देव घासते तसं घासायचं नाही होय रं?" असे तिने विचारले. मी म्हटले, "नाही आजी, देवावर नाव नसतं."

एका माणसाची पदके एकत्र ठेवा, भावंडांत एकेक वाटू नका. फिती, डिस्चार्जचे कागद, पेन्शनचे पुस्तक आणि फोटो त्यांच्याजवळच असू द्या. जुन्या पत्रांच्या पाकिटांवरची तिकिटे कापू नका. पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असेल तर संग्राहकाला सबंध पाकीट हवे असते, सुटे तिकीट नाही. माझ्या आजोबांनी १९७१ मध्ये घरी पाठवलेल्या पत्रांवर गावाचे नाव नाही, फक्त पलटण आणि '५६ एपीओ'. आजीला तेव्हा ते कोठे आहेत हे कळत नव्हते. आज त्या शिक्क्यांवरूनच थोडेफार शोधता येते. शेवटी, कायदाही लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाची झाली आहेत. परदेशातून कोणी फोनवर भाव सांगत असेल तर हे त्याला जरूर सांगा.

शाळेलाही माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेत जवळपास प्रत्येक राज्यातली मुले आहेत आणि निम्म्याहून जास्त मुलांच्या घरात कोणी ना कोणी फौजेत होते. सुट्टीच्या गृहपाठात एक पान याचेही असावे. ट्रंकेत काय सापडले, त्यावर काय लिहिले होते आणि घरातले त्याबद्दल काय सांगतात. वस्तू शाळेत आणायची गरज नाही, ती घरीच सुरक्षित. फक्त नोंदी एका रजिस्टरमध्ये जमा झाल्या तरी काही वर्षांत ते रजिस्टर बघण्यासारखे होईल. गढवालचा मुलगा, कोडगूचा मुलगा आणि साताऱ्याचा मुलगा यांच्या पणजोबांचे क्रमांक एकाच पानावर येतील. कदाचित ते एकाच बोटीतून गेलेलेही असतील.

गावच्या पाटीवरचा आकडा आता आपल्याला बदलता येणार नाही. पण त्या आकड्यातले एखादे नाव अजून कोणाच्या तरी माळ्यावर असू शकते. ते वाचायला एक भिंग, एक वही आणि एक दुपार लागते. मोडवाला गल्लीत यायच्या आधी तेवढे करू या.